बुद्धीची जकात

फेब्रुवारीचा पगार हाती आला की, एरवी दरमहा दोनशे रुपयांनी कापला जाणारा एक कर त्या महिन्यात तीनशे रुपयांनी कापलेला आढळतो. दहिसरहून चर्चगेटपर्यंत उभ्याने प्रवास करणारा नोकरदार क्षणभर कपाळाला आठ्या घालतो आणि पगाराची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो. या कराचे नाव व्यवसाय कर. तो केव्हा सुरू झाला, कोणत्या कार्यासाठी सुरू झाला आणि कोणाकडून किती घेतला जातो, याची चौकशी करणारा शेकडा एखादाच. वर्षाकाठी अडीच हजार रुपयांसाठी एवढा खल कोण करीत बसणार? परंतु या अडीच हजारांच्या पोटात एक फार मोठा प्रश्न दडलेला आहे. माणसाची बुद्धी, त्याची विद्या आणि त्याचे कसब ही कर आकारण्याची कारणे होऊ शकतात काय? ज्याच्यापाशी बुद्धी अधिक, त्याने समाजाला अधिक द्यावे काय? आणि द्यावयाचे तर ते कोणत्या मापाने मोजून?

दहिसरच्या नाक्याला कर ही काही नवी गोष्ट नाही. १९५७ साली दहिसर बृहन्मुंबईत सामील झाले आणि शहराची वेस येथे येऊन थांबली. पुढे कित्येक दशके मालाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा या वेशीवर जकातीसाठी तिष्ठत राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात इतिहासजमा झाली. त्याच नाक्यावर मोटारींकडून टोल घेतला जात होता. त्यातूनही ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांची सुटका झाली. म्हणजे येथे मालावर कर होऊन गेला आणि चाकांवरही कर होऊन गेला. परंतु याच वेशीवरून रोज सकाळी हजारो शिकलेली डोकी शहराच्या पोटात शिरतात. कोणी हिशेबनीस, कोणी अभियंता, कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी मास्तर! या डोक्यांत जो माल भरलेला असतो, त्याची किंमत एखाद्या ट्रकातील मालाहून कमी खचित नसते. त्या मालावर जकात घ्यावी, असे मात्र कोणत्याही नाकेदाराच्या मनात आले नाही.

नाकेदाराच्या मनात जे आले नाही ते अर्थशास्त्रज्ञांच्या मनात येऊन गेले आहे. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९६९ साली ज्या दोघांना मिळाले, त्यांपैकी एक असलेले हॉलंडचे यान टिनबर्गेन यांनी माणसाच्या मिळकतीऐवजी त्याच्या अंगच्या क्षमतेवर कर बसवावा, असा विचार मांडला होता. १९७१ साली जेम्स मिर्लीज या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने आयकराचा योग्य चढता दर कसा ठरवावा, यावर एक गाजलेला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच मालिकेतील कार्यासाठी १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. एखाद्या माणसाची कमावण्याची ताकद किती, हे त्याच्या बुद्ध्यंकावरून किंवा पदव्यांवरून अजमावता येईल काय, याचा उल्लेख मिर्लीज यांनी केला. पण त्या ताकदीची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे माणसाची मिळकत, अशा निष्कर्षावर ते आले. तेव्हा हा विचार म्हणजे कोणा रिकामटेकड्याच्या डोक्यातून निघालेले खूळ आहे, असे समजून तो उडवून लावता येणार नाही.

या विचारामागचा युक्तिवाद प्रथम नीट समजावून घेतला पाहिजे. आयकराचा एक जुना दोष असा सांगतात की, तो माणसाच्या श्रमांवर पडतो. अधिक राबावे, अधिक मिळवावे आणि त्या अधिक मिळकतीतला अधिक मोठा वाटा सरकारजमा करावा, हे दिसत असले की काही माणसे हात आखडता घेतात. परंतु बुद्धी ही जन्मजात देणगी असेल, तर तिच्यावर बसवलेल्या करामुळे ती कमी होणार नाही. शेताच्या तुकड्यावर ठरीव सारा बसवला तर शेत आक्रसत नाही, तद्वतच हे आहे. शिवाय, बुद्धिमान म्हणून जन्मास येण्यात त्या माणसाचे स्वतःचे असे कर्तृत्व ते कोणते? वडिलांची इस्टेट वारशाने मिळावी तशी बुद्धीही वारशाने मिळते. मग इस्टेटीवर कर घेणे न्याय्य, तर बुद्धीवर घेणे अन्याय्य कसे? हा युक्तिवाद ऐकावयास तर्कशुद्ध वाटतो, आणि त्यातील एक भाग खराही आहे. आपल्या बुद्धीचा ताठा मिरवणाऱ्यांनी तो रोज सकाळी एकदा मनाशी घोकावा, अशा योग्यतेचा तो आहे.

तथापि बुद्धीवर प्रत्यक्ष कर बसवण्याची कल्पना आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे, आणि त्याची कारणे आम्ही येथे देणार आहोत.

पहिले कारण मापाचे. जमीन साखळीने मोजता येते, मालाचे वजन काट्यावर होते. बुद्धी कशाने मोजावयाची? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी आपल्या सहकाऱ्यासह बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या आणि विशेष मदतीची गरज असलेल्या मुलांना हुडकून काढण्यासाठी. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी या चाचणीचे देशी रूप सिद्ध केले, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ते आजही आपल्याकडे वापरात आहे. या संशोधकांचे श्रम मोलाचे आहेत. परंतु मदतीचा हात कोणापुढे करावा हे ठरवण्यासाठी बनवलेले माप, खिशात हात कोणाच्या घालावा हे ठरवण्यासाठी चालेल काय? न्यूझीलंडचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले की, विसाव्या शतकात अनेक देशांत या चाचण्यांतील गुण पिढी दर पिढी वाढत गेले. माणसाच्या मेंदूची घडण दोनतीन पिढ्यांत बदलत नाही. बदलले ते शिक्षण, आहार, घरातील वातावरण आणि अशा कोड्यांचा सराव. म्हणजे ज्याला आपण जन्मजात देणगी समजून कर लावू, तो पुष्कळ अंशी शाळेचा, सकस अन्नाचा आणि निवांत कोपऱ्याचा परिणाम असावयाचा. त्या करात गरिबाघरच्या ज्या पोराने रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला, त्याच्या अभ्यासावरच कर बसेल.

शिवाय ज्यांनी आयुष्यातील काही वर्षे हातात खडू धरून वर्गात काढली आहेत, त्यांस आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. कमी गुण मिळवणे ही जगातील सर्वांत सोपी विद्या होय. उत्तर येत असता ते न लिहिणे कोणासही जमते. बुद्धीच्या परीक्षेवर कर अवलंबून आहे असे एकदा जाहीर झाले, तर आज जे पालक मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षांच्या शिकवणीस पाठवतात, तेच उद्या त्यांना नापास होण्याच्या शिकवणीस पाठवू लागतील. आणि ज्याला परीक्षकालाच चकवण्याइतकी बुद्धी आहे तो सुटेल. प्रामाणिकपणे पेपर सोडवणारा तेवढा सापडेल.

दुसरे कारण याहून गंभीर आहे, आणि ते माणसाच्या स्वातंत्र्याचे आहे. क्षमतेवर कर म्हणजे तुम्ही काय मिळवता यावर कर नव्हे. तुम्ही काय मिळवू शकला असता यावर कर. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याचे उदाहरण घ्या. वैद्यकाचे उच्च शिक्षण आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास पुरा करून त्यांनी गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात बालमृत्यू रोखण्याच्या कार्यास वाहून घेतले. त्यांच्या बुद्धीवर कर बसवावयाचा तर तो मुंबईतील धनाढ्य रुग्णालयात बसणाऱ्या विशेषज्ञाइतका बसवावा लागेल. मग गडचिरोलीत राहून तो कर भरावा कसा? असा कर बुद्धिमान माणसाला जणू हुकूमच करील की, जेथे पैसा अधिक तेथे जा, अन्यथा दंड भर. संशोधक, शिक्षक, कवी, कार्यकर्ता यांपैकी प्रत्येकाने अधिक पैशाची वाट सोडलेली असते, आणि त्यांनी ती सोडली म्हणून समाज जगतो. त्या त्यागावरच कर आकारणारे राज्य आपल्या हाताने आपला देश दरिद्री करील.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, कर आकारताना बुद्धीकडे मुळीच पाहू नये असे तुम्ही म्हणता. मग आजचा कायदा तिच्याकडे पाहतो त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राच्या व्यवसाय कराच्या कायद्यात ज्यांना कर माफ आहे अशांच्या यादीत बौद्धिक दिव्यांग मुलांचे आईबाप अथवा पालक यांचा समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक कायमचे अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि ६५ वर्षांवरील वृद्ध हेही त्या यादीत आहेत. आयकराच्या जुन्या पद्धतीत अशा मुलाच्या पालनपोषणासाठी ७५ हजार रुपयांची, आणि व्यंग तीव्र असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. यासाठी लागणारी प्रमाणपत्रे देताना बुद्धिमापनाच्या चाचण्यांचा आधार घेतला जातो. तेव्हा बुद्धी आणि कर यांचा संबंध आपल्या कायद्याने एका टोकाला जोडलेलाच आहे, आणि तो योग्य आहे. कारण तेथे त्या मुलाच्या बुद्धीची किंमत केली जात नाही, त्याच्या घरावर आयुष्यभर पडणाऱ्या भाराची दखल घेतली जाते. आईबाप थकल्यावर या मुलाकडे कोण पाहणार, या काळजीने ज्यांची झोप उडालेली असते, त्यांच्या ओंजळीतून समाजाने दोनशे रुपये काढून घेऊ नयेत, एवढाच त्याचा अर्थ. बिने यांनी ज्या हेतूने माप घडवले त्याच हेतूने ते येथे वापरले जाते. खालच्या टोकाला आधार देण्यासाठी योग्य ठरलेले माप वरच्या टोकाला वसुलीसाठी योग्य ठरत नाही; यात विसंगती कोणती?

तर मग बुद्धीवर कर नाही, म्हणून बुद्धिमंत मोकळे झाले काय? आमच्या मते मुळीच नाही. किंबहुना आमचे खरे म्हणणे येथूनच सुरू होते. बुद्धी निसर्ग देत असेल; परंतु त्या बुद्धीची विद्या होते आणि विद्येचा धंदा होतो, तो समाजाच्या पैशावर. आणि तो पैसा कोणी दिला, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. तो १८८२ साली विचारला गेला आहे.

त्या वर्षी डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. त्यांचा मुद्दा सरळ होता आणि त्याला बगल देणे अशक्य होते. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, मात्र शिक्षणावरील सरकारी खर्चाचा ओघ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. वरचे शिकले म्हणजे ज्ञान झिरपत खाली जाईल ही सरकारची आशा फोल ठरली आहे. यास्तव प्राथमिक शिक्षणाकडे प्रथम लक्ष द्या, असे त्यांनी बजावले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर जोतीरावांनी बुद्धीचा ताळेबंद मांडून दाखवला. जमेच्या बाजूस शेतकऱ्याचा सारा, खर्चाच्या बाजूस पदवीधराची पदवी!

तो ताळेबंद इतिहासात जमा झाला, असे कोणी समजू नये. आपल्या दहिसरचाच हिशेब करा. मुंबई महापालिका ही केवळ रस्ते झाडणारी संस्था नव्हे. १९२६ सालापासून केईएम रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय महापालिकेकडून चालवले जात आहे. नायर आणि शीव येथील वैद्यकीय महाविद्यालयेही तिचीच. आणि याच महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा अनेक वर्षे कोणता होता? जकात! दहिसर, मुलुंड, मानखुर्द यांसारख्या नाक्यांवर ट्रकवाल्याने ती भरावी, व्यापाऱ्याने ती मालाच्या किमतीत मिळवावी, आणि अखेर तेलाच्या पिशवीबरोबर व साबणाच्या वडीबरोबर ती या शहरातील प्रत्येकाने फेडावी. झोपडीत राहून धुणीभांडी करणाऱ्या बाईनेही ती फेडली. त्या जकातीचा एक अंश महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत गेला आणि त्यांतून नामांकित शल्यविशारद बाहेर पडले. दहिसरच्या नाक्याने बुद्धीवर जकात कधी घेतली नाही हे खरे. परंतु त्या नाक्यावरील जकातीनेच मुंबईतील पुष्कळशी बुद्धी घडवली, हेही तितकेच खरे. मग ज्या मोलकरणीने वाटा उचलला तिचे काही देणे त्या शल्यविशारदाकडे निघते की नाही?

या देण्याचा विचार मुंबईतच जन्मलेल्या आणि सिडनहॅम महाविद्यालयात शिकलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाने केला. प्रा. जगदीश भगवती यांनी १९७० नंतरच्या दशकात अशी सूचना केली की, गरीब देशांत शिकून जे डॉक्टर आणि अभियंते श्रीमंत देशांत स्थायिक होतात, त्यांच्या तेथील मिळकतीवर अल्पसा अधिभार बसवावा आणि तो पैसा विकसनशील देशांच्या कामी यावा. १९५८ साली पवईस तंत्रविज्ञान संस्था निघाली. तिच्यातून बाहेर पडून सातासमुद्रापार गेलेल्या मुलांची घरे आपल्या उपनगरांत जागोजागी आढळतील. परंतु भगवतींची सूचना कागदावरच राहिली. वसुली परक्या देशाने करावयाची आणि लाभ मायदेशाला व्हावयाचा, हा व्यवहार जुळवणार कोण? तरीही त्या सूचनेतील एक धागा आम्ही मोलाचा मानतो. भगवतींनी कोणाच्या बुद्ध्यंकाची चौकशी केली नाही. सार्वजनिक पैशातून मिळालेल्या विद्येने जी मिळकत वाढली, तिच्यातून परतफेड मागितली. कर मिळकतीवर, पण त्याचे कारण समाजाचे ऋण. हा तो धागा होय.

आणि हाच धागा महाराष्ट्राने प्रत्यक्षात गुंफून दाखवला, हे आज किती जणांच्या स्मरणात आहे? १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची योजना राज्यभर उभी केली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे हे तिचे प्रणेते. जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देण्यास शासन बांधील आहे, असे वचन देणारी ही योजना २००५ साली झालेल्या राष्ट्रीय कायद्याची वाटाडी ठरली. परंतु वचन पाळावयाचे तर पैसा हवा. तो कोठून आणावयाचा? महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखून ठेवले. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, सनदी लेखापाल, कारकून आणि शिक्षक यांनी आपल्या व्यवसायातून थोडे द्यावे आणि त्यातून उन्हातान्हात बंधाऱ्याची माती उपसणाऱ्या मजुराची मजुरी भागावी, अशी ती योजना होती. कोणाच्याही डोक्याला मोजपट्टी न लावता, डोक्याने मिळवणाऱ्यांनी हाताने राबणाऱ्यांचे देणे फेडण्याची तजवीज या राज्याने केली. एवढा सुबुद्ध कर फार थोड्या राज्यांनी बसवला असेल, असे आम्ही अभिमानाने म्हणू.

दुर्दैव हे की, या सुबुद्ध कराची आज दुर्दशा झाली आहे. घटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसाय कराला वार्षिक कमाल मर्यादा घालून दिली आहे. १९५० साली ती अडीचशे रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती अडीच हजार रुपये झाली. त्यानंतर ती तेथेच खिळून बसली आहे. १९८८ साली अडीच हजार रुपये ही मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने मोठी रक्कम होती; आज एखादे कुटुंब सुटीच्या संध्याकाळी हॉटेलात जेवावयास गेले तर तेवढ्यात भागेलच असे नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा बारा हजार रुपयांवर न्यावी अशी शिफारस केली. तीही दप्तरात पडून राहिली.

या गोठलेल्या मर्यादेचा परिणाम काय झाला तो पाहा. दहिसरमधील एखाद्या इमारतीच्या फाटकावर उभा राहणारा रखवालदार दरमहा पंधरा हजार रुपये मिळवतो असे धरा. दहा हजारांवर पगार गेला म्हणून त्याच्याकडून वर्षाला अडीच हजार रुपये कापले जातात. म्हणजे मिळकतीच्या शंभर रुपयांमागे सुमारे एक रुपया चाळीस पैसे. त्याच इमारतीत राहणाऱ्या आणि दरमहा दहा लाख रुपये घेणाऱ्या कंपनी संचालकाकडूनही कापले जातात तेच अडीच हजार. म्हणजे शंभर रुपयांमागे दोन पैसे! पंधरा हजार मिळवणारी स्त्री असेल तर तिला १ एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे, कारण स्त्रियांसाठी माफीची मर्यादा पंचवीस हजारांवर नेली गेली. ते उत्तमच झाले. परंतु पुरुष मजुराच्या पंधरा हजारांत असे कोणते अधिक बळ आले? आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांची गोष्ट तर याहून चमत्कारिक. गणपत पाटील नगरासारख्या वस्तीच्या तोंडाशी लहानसा दवाखाना थाटून बसलेला डॉक्टर आणि पंचतारांकित रुग्णालयात एका शस्त्रक्रियेचे लाखो रुपये घेणारा विशेषज्ञ, या दोघांनाही कर सारखाच: अडीच हजार. रोजगार हमीसाठी सुशिक्षितांच्या मिळकतीतून वाटा मागणारा हा कर आज रखवालदाराला जाचतो आणि संचालकाच्या लक्षातही येत नाही.

आमचे काही वाचक येथे हरकत घेतील, आणि ती आम्ही टाळू इच्छीत नाही. ते म्हणतील, संचालक आयकर भरतो की! चढत्या दराने भरतो, रखवालदार तो भरत नाही. शिवाय पगारदाराचा पगार उघडा असतो म्हणून प्रत्येक कर त्याच्याच माथी येतो, आणि बड्या बागायतदाराचे शेतीचे उत्पन्न मात्र आयकरातून सुटते. यातील तक्रार खरी आहे. धनाढ्य बागायतदाराला मिळणाऱ्या सवलतीचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु एका अन्यायाचे उत्तर दुसरा अन्याय होऊ शकत नाही. आयकर चढत्या दराचा आहे म्हणूनच तो न्याय्य आहे. मग व्यवसाय कराने उलट्या दिशेने का चालावे? आणि बारा हजारांची मर्यादा मान्य झाली तरी ज्याची वार्षिक मिळकत सव्वा कोटीच्या घरात आहे, त्याच्यावर शंभर रुपयांमागे दहा पैसेच पडतील. तेवढ्याने कोणाची बुद्धी खचणार नाही आणि कोणी संचालक त्यामुळे देश सोडून जाणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली मागणी राज्य सरकारकडे, आणि ती पुरी करण्यास दिल्लीची परवानगी लागत नाही. स्त्रियांना दिलेली पंचवीस हजारांची माफी सर्वांना द्या, आणि लहान व्यवसाय करणाऱ्यांना सरसकट अडीच हजारांच्या दावणीला न बांधता त्यांच्या मिळकतीप्रमाणे पायऱ्या पाडा. दुसरी मागणी संसदेकडे. २७६ व्या कलमातील मर्यादा वाढवा, आणि पुन्हा पस्तीस-चाळीस वर्षे तिला गंज चढू नये म्हणून साध्या कायद्याने ती बदलता येईल अशी सोय करा. तिसरी मागणी हिशेबाची. रोजगार हमीच्या नावाने गोळा होणारा प्रत्येक रुपया त्याच कामी लागला की अन्यत्र वळला, हे दरवर्षी साध्या मराठीत जनतेपुढे मांडा. ज्याला आपल्या दोनशे रुपयांतून कोणत्या तालुक्यात कोणता बंधारा झाला हे कळेल, त्याच्या कपाळावरील आठी थोडी तरी सैल होईल.

सुशिक्षित मध्यमवर्गाला आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या बुद्धीवर कर नाही आणि तो असूही नये. आपले डोके किती चालते हे मोजण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. परंतु ते डोके ज्या शाळेत, ज्या रुग्णालयात आणि ज्या महाविद्यालयात घडले, ती शेतकऱ्याच्या साऱ्यावर आणि मोलकरणीच्या साबणाच्या वडीवर उभी राहिली, हे त्या डोक्याने विसरू नये. जोतीरावांनी १८८२ साली मांडलेला ताळेबंद अद्याप पुरता मिटलेला नाही. तो मिटवण्याचे एक साधन महाराष्ट्राने १९७५ सालीच आपल्या हाती घेतले होते; त्याला धार लावण्याचे काम तेवढे उरले आहे. दहिसरपासून मालाडपर्यंतच्या मतदारांनी उत्तर मुंबईतून संसदेत पाठवलेल्या प्रतिनिधीला, आणि इथून विधानसभेत गेलेल्या आमदारांना, पुढल्या भेटीत रस्ते आणि गटारांबरोबर या अडीच हजारांचाही जाब विचारावा.